विद्येच्या मेजावरची टकटक

श्रीगजाननास आणि वाग्देवी शारदेस वंदन करून, स्टुटगार्ट परिसरातील आपल्या मंडळाच्या दसरा अंकासाठी हे लिहावयास बसलो आहे. संपादकांनी स्थलांतराच्या गोड आठवणी मागितल्या होत्या. माझ्याजवळची आठवण गोड नाही. सरस्वतीपूजनाच्या निमित्ताने खोटे लिहू नये, म्हणून जशी आहे तशी देतो.

मिरज स्थानकावर निरोप देताना वडिलांनी दर्भासनाची वळकटी खिडकीतून माझ्या हाती दिली. ते दशग्रंथी, बोलणे मोजके. गाडी हलताना म्हणाले, "परमुलखात तुझा अपमान झाला तर गिळ. विद्येचा झाला तर गिळू नकोस." शेजारी सौभाग्यवती सुमती तान्ह्या मैत्रेयीला मांडीवर घेऊन डोळे पुसत होती. मी मान हलवली. ह्या दोन अपमानांतला भेद कसा ओळखावा, हे विचारायचे राहून गेले.

दक्षिण जर्मनीतील एका विद्यापीठात मी संस्कृत शिकवू लागलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तेथील प्राध्यापक माझ्याकडून भाष्यांच्या पंक्ती लावून घेत, सायंकाळी घरी बोलावून अगत्याने केक खाऊ घालीत. पुढे ग्रंथ प्रसिद्ध झाला की त्याच्या प्रस्तावनेत 'एका भारतीय पंडिताचे साहाय्य झाले' एवढे एक वाक्य असे. सुमती म्हणे, "अहो, तुमचं बारसं झालं होतं की नाही?" मी हसून विषय टाळी. अपमान माझा होता, तो गिळला. खरे सांगायचे तर त्याचे फार दुःखही नव्हते. अडलेली पंक्ती लागली की दिवस सार्थकी लागे.

इथे व्याख्यान संपल्यावर विद्वान मंडळी टाळ्या वाजवीत नाहीत. बोटांच्या पेरांनी मेजावर टकटक करतात. तोच वक्त्याचा गौरव. मला ते कधी जमले नाही. ज्या फळीवर पोथी उघडायची तीवर टकटक कशी करावी? मी हात जोडून बसे. सहकाऱ्यांना वाटे, हा गृहस्थ प्रत्येक व्याख्यानानंतर प्रार्थना करतो; आणि काही व्याख्याने ऐकून त्यांना ते रास्तही वाटत असावे.

मैत्रेयी ह्याच देशात वाढली. मी मराठीत हाक मारावी, तिने जर्मनमध्ये ओ द्यावी. मात्र दसऱ्याला पाटीवर सरस्वती तीच काढी, आणि ती रेखीव काढी. एकदा शाळेतून आली आणि दप्तर न उतरवता, चक्क मराठीत विचारती झाली, "बाबा, 'तू मूळची कुठली?' ह्याचं उत्तर किती वेळा द्यायचं असतं?" पुढे तोच प्रश्न तिच्या अभ्यासाचा विषय झाला: वंश, संस्कृती आणि देश सोडून आलेल्यांचे जीवन. डॉक्टरेट झाली, प्राध्यापकपदासाठी लागणारा दुसरा मोठा प्रबंधही झाला. परंतु येथील नियम कठोर आहे. तात्पुरत्या करारांवर ठरावीक वर्षेच काढता येतात. तेवढ्यात कायमचे प्राध्यापकपद मिळाले नाही, तर विद्यापीठाचे दार बंद. तिची मुदत सरत आली असताना माझ्याच जुन्या विद्यापीठाने तिला अशा पदासाठी चाचणी व्याख्यानास बोलावले. ती तिची अखेरची संधी होती.

ते २०१५ साल. रेल्वे स्थानकांवर निर्वासितांच्या स्वागताचे फलक झळकत होते. सुमती आणि मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो. व्याख्यानाचा विषय होता, जर्मन विद्वानांच्या ग्रंथांतील निनावी भारतीय साहाय्यक. तिने सारी उदाहरणे शंभर वर्षांपूर्वीची घेतली. पण पुढच्या रांगेतल्या काहींना स्वतःच्या प्रस्तावना आठवल्या असाव्यात.

निवड समितीचे अध्यक्ष लोकजीवनाचे अभ्यासक होते. त्यांनी मंद स्मित करून विचारले, "आपण ह्या विषयाच्या फार जवळ आहात, असे नाही वाटत? शास्त्राला अंतर लागते."

मैत्रेयी म्हणाली, "प्रोफेसरमहाशय, आपण आयुष्यभर आपल्या आजोळच्या गावातल्या चालीरीतींवर लिहिलंत. तिथलं अंतर कशानं मोजलंत?"

कोणी खाकरले. अध्यक्ष म्हणाले, "ती गोष्ट वेगळी."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मैत्रेयी म्हणाली. "तीच वेगळी गोष्ट मी आत्तापर्यंत सांगत होते."

ती थांबली. कोणीही मेज वाजवले नाही. त्याच सभागृहात झोप आणणाऱ्या व्याख्यानांनाही शिष्टाचाराची टकटक मिळालेली मी ऐकली आहे. ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमचे विवाह, आमची श्राद्धे, आमच्या जाती, आमच्या नाकांची लांबीसुद्धा अभ्यासली, आणि त्याला शास्त्र म्हटले. आमच्या लेकीने एकदा वळून ह्यांच्याकडे पाहिले, तर तिला अंतर नाही! स्मित करून विचारले म्हणून प्रश्न सभ्य ठरतो काय? वडिलांनी सांगितलेला भेद त्या शांततेत मला कळला. अपमान माझा नव्हता, माझ्या मुलीचाही नव्हता. तो विद्येचा होता.

मी शारदेची मनोमन क्षमा मागितली आणि समोरच्या फळीवर टकटक केली. हाताला सवय नव्हती. सुमती पुटपुटली, "अहो, ऐकू जाईल असं वाजवा." मग तिनेही वाजवले, बांगड्यांसकट. माना वळल्या. आम्ही थांबलो नाही.

पद दुसऱ्यास मिळाले. मैत्रेयी आता बर्लिनमध्ये सायंशाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात ग्रंथ लिहिते; विद्यापीठाचे दार बंद झाले ते झालेच. जप करताना मी पुष्कळांसाठी शांती मागतो. ह्या रागाला मात्र शांती मागितलेली नाही, मागणारही नाही.

गेल्या दसऱ्याला आम्ही तिच्याकडे होतो. स्वयंपाकघरातल्या मेजावर वडिलांची पोथी आणि तिचे ते व्याख्यान शेजारी शेजारी ठेवले. पाटीवर सरस्वती तिनेच काढली. पूजा झाली, सर्वांनी हात जोडले, आणि मग सुमतीने त्याच मेजावर दोन बोटांनी टकटक केली. मैत्रेयी हसली, कितीतरी दिवसांनी हसली. मी कोणाला अडवले नाही. मिरज सोडल्यापासून घर कुठे, असे मला बरेच जण विचारतात. जिथे ते मेज आहे, तिथे.

हा अंक स्टुटगार्टला उघडला जावो वा मिरजेत, वाचणाऱ्याच्या घरी शारदा सुखाने नांदो. त्या घरच्या लेकींची नावे ग्रंथांवर पूर्ण छापली जावोत. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना दीर्घायुष्य लाभो, आणि राग वेळेवर येवो.