मधाचे तीन हात

ओव्हनचं दार लावून एस्तेर स्टुलावर टेकते. झोपायचा तिचा मुळीच विचार नाही. सकाळचे अकरा वाजलेत, लेक हन्ना चर्चमधून यायला अजून अर्धा तास आहे, आणि चॉप्स तेवढा वेळ नुसतेच भाजायचे आहेत. ग्लेझ त्यानंतर. पण पहाटे चारला उठलेलं शरीर ते, कुणाचं ऐकतंय? डोकं भिंतीला लागतं आणि भाजत्या कांद्या-सफरचंदाचा वास लांबून, शेजारच्या घरातून यावा तसा येऊ लागतो.

"इतक्यात लावू नकोस. मध जळेल."

ओट्यापाशी बर्नबास उभा आहे. तिचा नवरा, गेल्या वर्षी याच तारखेला गेलेला. अंगात कंपनीचा निळा डगला, बाहीला ग्रीस. एस्तेरला त्याचं नवल वाटत नाही. वाटते ती धास्ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

बर्नबास चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता, पोलादाची हत्यारं घडवायला. लग्नानंतर दोन वर्षांनी कंपनीने त्याला सहा महिने जर्मनीला धाडलं. तिथल्या घरमालकिणीने, फ्राऊ क्रेमरने, त्याला हे चॉप्स शिकवले. हाडासकट जाड पोर्क चॉप घ्यायचे, मीठ, मिरी, शहाजिरं चोळून तव्यावर दोन्हीकडून लाल करायचे, मग कांदा-सफरचंदाच्या चकत्यांवर ठेवून ओव्हनमध्ये. शेवटी मोहरी, मध आणि बिअर आटवून केलेलं ग्लेझ ब्रशने लावायचं, भिंतीला रंग देतात तसे तीन हात. एरवी साखरेचा डबा कुठे असतो हेही या गृहस्थाला ठाऊक नसायचं, पण नाताळात ओटा त्याचा. चॉपची जाडी तो कारखान्यातल्या व्हर्नियर मोजपट्टीने मोजायचा, आणि एस्तेर म्हणायची, "डुकराला काय शर्ट शिवायचाय?"

मग यकृताचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, पोर्कचं नाव काढू नका. औषधांनी जिभेची चव बरीचशी गेली, तरी शेवटच्या आठवड्यात त्याने मागितलं ते हेच. "एकदाच कर गं." एस्तेरने सुरणाची जाड फोड चॉपच्या आकारात कापली, तिलाच ग्लेझ लावलं आणि पोर्क म्हणून स्वतःच्या हाताने त्याला भरवली. "छान झालंय," तो म्हणाला. चौथ्या दिवशी गेला. मरत्या माणसाला आपण फसवलं, हे तिने ना लेकीला सांगितलंय, ना पाळकसाहेबांना. त्याला कळलं होतं का, एवढं एकच तिला विचारायचं आहे. वर्षभर त्या प्रश्नाने तिला जेवू दिलेलं नाही.

"अहो," ती म्हणते.

"आधी आच बघ."

ती वाकते, तर ओव्हन तिच्याहून उंच आहे. टूलरूमची भट्टी आहे ती, जिच्यात पोलाद तापवायचे. आजूबाजूला यंत्रं फिरताहेत, पण आवाज कसलाच नाही. बर्नबास लांब चिमट्याने आतून एक चॉप काढतो, उजेडात धरून डोळा बारीक करतो.

"पाऊण इंच. बरोबर."

"अहो, मला एक सांगायचंय तुम्हांला."

"बस. जेवताना सांग."

ती बसते ती चर्चच्या बाकावर. मांडीवर ताटली आहे. खिडकीबाहेर फ्राऊ क्रेमरचं अंगण आहे आणि त्यात बर्फ पडतोय. एस्तेरने बर्फ कधी पाहिलेला नाही, म्हणून तो चाळलेल्या मैद्यासारखा पडतोय. बर्नबास सुरीने एक तुकडा कापून तिच्यापुढे धरतो.

"खा."

"तुम्ही घ्या आधी."

"माझं झालंय. तुझंच राहिलंय."

"ते पोर्क नव्हतं," एस्तेर एका दमात बोलून टाकते. "त्या दिवशी तुम्हांला भरवलं ते. सुरण होतं. खोटं बोलले मी."

बर्नबास सुरी डगल्याला पुसतो. "माहितेय."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या घासाला. घसा खाजायला लागला. चिंच नव्हती लावलीस."

 खरंच नव्हती लावली. चिंचेशिवाय सुरण खाजतं हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं, आणि तिच्या हातून तर इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती. पण आंबटपणाने बिंग फुटेल म्हणून त्या दिवशी तिने मुद्दाम टाळली. त्याच्या जिभेचा विचार केला, घशाचा राहूनच गेला.

चर्च आता नाही. त्यांचीच खोली, लोखंडी खाट, उशाशी गोळ्यांची पाकिटं. बर्नबास खाटेवर पडून सारखा आवंढा गिळतोय. त्या दुपारी त्याने चारदा पाणी मागितलं होतं. तिला वाटलं, दुखण्यानेच होतंय. चौथ्यांदा ती वैतागून म्हणाली होती, "सारखं काय पाणी पाणी? डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलंय." आणि दिलं नव्हतं.

"बोलला का नाहीत?" ती विचारते.

"काय बोलू? पडल्या पडल्या ओव्हनचं दार ऐकत होतो. तीनदा उघडलंस. सुरणाला कोण तीन हात देतं, एस्तेर?"

ती रडू लागते. "रागावलात?"

"राग नाही गं." तो छताकडे बघतो. "पण चॉप हवा होता मला. फार हवा होता."

एस्तेर पदराने डोळे पुसते.  तो तुकडा पुन्हा तिच्या ओठांशी आणतो. या वेळी ती तोंड उघडते. चावताक्षणी कळतं, सुरण आहे. ती सावकाश चावते आणि गिळते.

"आई! अगं, जळतील ना!"

हन्ना आलीय, डोक्यावर ओढणी तशीच. ती धावत ओव्हन उघडते. जळलेलं काही नाही, चॉप्स नुसते लालसर झालेत. ग्लेझ लावायची वेळ झालीय. एस्तेर उठते, ब्रश घेते आणि खाकरते. पुन्हा खाकरते. घसा खाजतोय, जिभेच्या मुळाशी, खोल, सुरणाने खाजतो अगदी तसाच. त्या दिवसापासून या घरात सुरण आलेलं नाही, आणि सकाळपासून तिच्या पोटात कपभर चहाखेरीज काही नाही.

"काय झालं गं? ठसका लागला?" हन्ना ग्लास भरून तिच्यापुढे धरते. "पाणी घे."

एस्तेर चॉप्सवर पहिला हात फिरवते. मध तापून चरचरतो. आवंढा गिळला की खाज आणखी वाढतेय.

"घे ना, आई."

"नको." एस्तेर ग्लास बाजूला सारते. "पप्पांना मी दिलं नव्हतं."

"काय दिलं नव्हतं?"

एस्तेर ओव्हनचं दार लावते आणि स्टूल लेकीकडे सरकवते.

"बस इथे," ती म्हणते. "सांगते."