तुम्हालाही, तुम्हालाही

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या या माणसाला त्याच्या मेहुण्याने 'थंडोबा' नाव ठेवलं आणि ते चिकटलं. खरं तर त्याच्याइतका धावपळ्या माणूस शोधून सापडला नसता. ना कंपनी, ना साहेब, ना ठरलेली सुट्टी. फोन वाजला की काम, नाही वाजला की घरात येरझाऱ्या. नाताळात मात्र त्या फोनला उसंत नसायची. नाताळात माणसांना आधी देव आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ फ्रीजवाला, कारण केक, क्रीम, कोंबड्या सगळं एकाच आठवड्यात साठवायचं असतं आणि यंत्रं नेमकी त्याच आठवड्यात मान टाकतात.

त्यामुळे घरच्या नाताळच्या जेवणाला तो वर्षानुवर्षं 'आलोच' एवढ्या एका शब्दापुरता हजर असायचा. आलोच म्हणायचा आणि दिवेलागणीला उगवायचा. एका वर्षी मेहुण्याच्या धाकट्याने दार उघडलं, त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी पाहिली आणि आत ओरडून सांगितलं, "आत्या, कुणीतरी फ्रीज दुरुस्त करायला आलंय!" सगळे पोट धरून हसले. बायकोही हसली, पण मग दोन दिवस कामापुरतंच बोलली.

यंदा मुलीने त्याला समोर बसवलं. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, नवीन वर्ष उजाडलं की ती जाणार होती. "मला काही आणू नका, बाबा," ती म्हणाली. "एक वाजता जेवायला या आणि शेवटपर्यंत बसा. बस एवढंच." त्याने शब्द दिला. आणि यंदा तो खरोखरच वेळेवर पोचला. सगळं बिघडलं ते इथेच.

त्या दिवशी सकाळी केकवाल्या मावशींचा फोन आला होता. दुकानामागच्या कोल्ड रूमचं दार नीट लागत नव्हतं, फटीतून गारवा जात होता, आत बर्फ साचत होता. बाई साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, स्वभावाने लोणी. नाही म्हणवेना. त्याने रबर बदललं, बाहेरचा खटका नवा बसवला. काम झकास झालं. पूर्वी दार खांद्याने रेटलं की उघडायचं. आता नुसतं सोडलं तरी स्वतःहून येऊन गच्च बसत होतं. फक्त आतून उघडायची मूठ राहिली होती. तिचे आटे झिजले होते आणि तसली दुसरी पिशवीत नव्हती. त्याने ती काढली आणि भोकात चिंधी कोंबली. घड्याळात पाहिलं तर साडेबारा होत आले होते.

मावशी पुढे क्रीम घोटत होत्या. मोठा मिक्सर घरघरत होता. त्याने दारातूनच ओरडून सांगितलं, "मावशी, आत गेलात तर दाराला काहीतरी अडकण लावा हं! आतून उघडणार नाही. मूठ मी परवा आणतो!"

मावशींनी मान वर केली, तोंडभर हसल्या आणि पांढऱ्या हातांनीच निरोपाची खूण केली. "तुम्हालाही, तुम्हालाही! घरच्यांनाही सांगा!"

उत्तर काही जुळलं नव्हतं. ते त्याच्या कानाला तिथल्या तिथे खटकलंही. पण मिक्सर थांबेपर्यंत थांबायचं म्हणजे आणखी पाच मिनिटं, मग चहा घ्या, मग केकचा तुकडा बांधून देते, आणि एकदा का मावशींच्या तावडीत सापडला की माणूस तासाने सुटायचा. त्याने स्कूटर काढली.

घरी त्याचं स्वागत काय वर्णावं! मेहुण्याने खिडकीशी जाऊन सूर्य कुठून उगवलाय ते पाहिलं. बायकोने नवी चादर घातलेल्या टेबलाशी त्याची खुर्ची ओढून दिली. मुलीने त्याचा फोन काढून घेतला आणि कपाटावरच्या पावाच्या टोपलीत ठेवला. सूप आलं. तो हसत होता, बोलत होता, सासूबाईंच्या पुढ्यात बशी सरकवत होता. आपण इथे असणं इतकं सोपं होतं, मग इतकी वर्षं काय केलं, असं त्याला मनापासून वाटलं.

कोंबडी कापायला घेतली तेवढ्यात दाराची घंटा वाजली. शेजारीण शुभेच्छा द्यायला आली होती. बायको दारातूनच म्हणाली, "तुम्हालाही, तुम्हालाही! घरच्यांनाही सांगा!"

त्याच्या हातातला चमचा वाडग्यात पडला. मावशींना एक शब्दही ऐकू गेला नव्हता. त्यांना वाटलं, हा नाताळच्या शुभेच्छा देतोय.

"माझा फोन," तो म्हणाला.

"झालं," मेहुणा म्हणाला. "अहो थंडोबा, आज तरी!" त्याने उठून टोपलीतला फोन घेतला, लावला. घंटा वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"बसा," बायको हळू म्हणाली. तिच्या त्या एका शब्दात मागचे सगळे नाताळ होते. तो बसला. मन समजूत घालण्यात पटाईत असतं. मावशी घरी गेल्या असतील. त्या कधी फोन उचलतात? आणि दार उघडं ठेवायची अक्कल माणसाला असतेच की. त्याने एक घास घेतला. तो तोंडातच फिरत राहिला. बाई सकाळी म्हणाल्या होत्या, दुपारी शटर ओढते, उरलेला माल आत ठेवते, मग दोन दिवस दुकान बंद. बहिणीकडे जाईन, नाहीतर इथेच लवंडेन. म्हणजे त्या कुठे दिसल्या नाहीत तरी दोन दिवस कोणी विचारणार नव्हतं.

तो उठला. "एक काम राहिलंय," एवढंच म्हणाला. काय राहिलंय ते सांगायला जीभ रेटली नाही. इतक्या वर्षांनी वेळेवर आल्याचं कौतुक अजून टेबलावर गरम होतं, आणि ते कशाच्या जिवावर मिळवलंय हे सर्वांसमोर कसं सांगणार? मुलीने त्याचं ताट झाकून ठेवलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

रस्ते ओस पडले होते. बंद दुकानांच्या काचांत दिव्यांच्या माळा भर दुपारी उगाचच लुकलुकत होत्या. मावशींचं शटर हातभर वर होतं. तो वाकून आत शिरला. रेडिओ चालू होता. गल्ल्याशेजारी त्यांची पर्स होती, खुर्चीवर स्वेटर होता आणि मागचं दार गच्च लागलेलं होतं. त्याने स्वतःच बसवलेला खटका तो. लोण्यासारखा उघडला.

मावशी कोपऱ्यात होत्या. केकचे रिकामे खोके फाडून त्यांनी अंगाभोवती रचले होते. डोळे उघडे होते, ओठ निळे. काहीतरी पुटपुटत होत्या, पण कळत नव्हतं. दाराच्या भोकातली चिंधी खाली पडली होती आणि भोकाच्या पत्र्याच्या कडेला रक्त लागलं होतं. आतला खटका बोटांनी फिरवता येतो का, ते त्यांनी करून पाहिलं होतं. त्याने त्यांना उचललं, स्वतःचा कोट गुंडाळला, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि ती येईपर्यंत त्यांचे हात आपल्या काखेत धरून बसला. "मावशी, झोपू नका, माझ्याकडे बघा," असं म्हणत राहिला. रेडिओवर नाताळची गाणी चालूच होती. ती बंद करायला त्याचा हात मोकळा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जिवाचा धोका टळला, उजव्या हाताच्या दोन बोटांचं मात्र उद्या-परवा कळेल. त्याच बोटांनी त्या केकवर गुलाब काढायच्या.

शुद्ध आल्यावर मावशी नर्सला सांगत होत्या, "मीच वेंधळी. दार कसं लागलं कळलंच नाही. देवासारखे धावून आले हो हे. पोटच्या पोरानेही केलं नसतं." तो पडद्याशी उभा राहून ते ऐकत होता, आणि आतून कोणीतरी त्याला कानफटात मारत असल्यासारखं त्याला होत होतं.

मावशी कोल्ड रूममध्ये अडकल्या होत्या एवढंच फोनवर कळलं, तसे घरचे डबा घेऊन आले. मेहुणा आज थंडोबा म्हणाला नाही, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मानलं तुम्हाला." बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलगी त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि तिने त्याचा दंड धरला. "मला काय माहीत, बाबा! मी मनात तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही गेला नसता तर त्या..."

तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. मावशींना माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं. पण तो दंडावरचा हात त्याला सोसेना.

"ते दार सकाळी मीच तसं सोडलं होतं," तो म्हणाला. "आतली मूठ काढली होती. त्यांना ओरडून सांगितलं, पण त्यांना ऐकू गेलं की नाही ते बघायला थांबलो नाही."

"का थांबला नाहीत?"

एक वाजत आला होता, हे तो तिला कसं सांगणार? पण पोरगी हुशार होती, लहानपणापासूनच. तिने हिशेब केला. दंडावरचा हात सैल झाला.

"म्हणजे मी..." ती म्हणाली.

"नाही गं! तुझा काय संबंध? माझी चूक, माझीच." तो घाईघाईने बोलत राहिला. पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. आपल्या पाठीवरचं ओझं आपण लेकीच्या पाठीवर ठेवलं, हे त्याला बोलून झाल्यावर उमगलं.

नर्स बाहेर आली. "त्यांच्याजवळ कोणाला तरी थांबायला लागेल. जवळचं कोण आहे?"

"मी थांबतो," तो उठला.

"नाही," मुलगी म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मी थांबते. तुम्ही घरी जा, बाबा. जेवा."

तिने डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि पडदा सारून आत गेली. आतून मावशींचा आवाज आला, "अगं, सणाचा दिवस, तू कशाला राहतेस? बाबांबरोबर बस ना घरी." त्यावर मुलगी काय म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही.