सुतारकाकांच्या विहिरीचं पाणी

माझं तोंड फटकळ आहे. आई म्हणायची, हिला जीभ देताना देवाचा हात जरा सैलच सुटला. कर्जाच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली, त्यात या जिभेने बरीच अडलेली कामं मार्गी लावली. एकदाच तिने घात केला, आणि तोही नेमका सुतारकाकांचा.

आमचं ऑफिस खेड्यापाड्यातल्या घरांचं. कर्ज बँक देते, हमी सरकार घेतं. घेणाऱ्याच्या हाती सुरुवातीला भरायला पैसे नसले तरी चालतं, पण घराने मात्र परीक्षा द्यायची. छत गळत नाही ना, जिन्याला कठडा आहे ना, आणि विहीर असेल तर पाणी तपासलेलं हवं. मी गमतीने म्हणते, आमच्याकडे माणूस नापास झाला तर निभेल, घर नापास झालेलं चालत नाही.

सुतारकाका घर विकत होते. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि लेक आपल्याकडे राहायला बोलावत होती. घेणारा होता दूधगाडीचा ड्रायव्हर. त्याच्या बायकोला सातवा महिना, आणि भाड्याची खोली महिनाअखेरीला सोडायची होती. दुसरा एक जण काकांना जास्त किंमत द्यायला तयार होता, तरी काकांनी यांनाच हो म्हटलं. "इथे पोर रांगेल," मला म्हणाले, "लाकडी जमीन मी स्वतः घासलीय. गुडघ्याला कुसळ लागायचं नाही."

पाहणीला गेले तेव्हा त्यांनी एकेक दार उघडून, लावून दाखवलं. एकही कुरकुरलं नाही. मागच्या खोलीत काकूंचा पलंग अजून तसाच होता.

"पाच वर्षं अंथरुणाला होती," काका म्हणाले. "आधी हातपाय बधिर झाले, मग पोट, मग सगळंच. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. मी नुसतं उकळायचो नाही हो, अर्धं आटवायचो. रोज. मी विहिरीचं गार प्यायलो, पण तिला कच्च्या पाण्याचा एक घोट दिला नाही."

शेगडीवर ते पातेलं होतं. आतून पांढरा थर धरलेला.

"आमचे हे," मी म्हटलं, "मी तापाने फणफणले तरी विचारतात, आज जेवायला काय? तुमच्याकडे शिकवणीला पाठवते त्यांना."

काका पहिल्यांदाच हसले. निघताना त्यांनी मला विहिरीचं पाणी पाजलं. "अमृत आहे," म्हणाले. खरंच गोड लागलं.

आठवड्याने तपासणीचा कागद आला. पाणी नापास. आर्सेनिक निघालं होतं. जमिनीतल्या खडकातून पाण्यात उतरणारं विष ते. रंग नाही, वास नाही, चव नाही. मी काकांना बोलावून घेतलं. त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं, कारण ड्रायव्हरची बायको सकाळपासून दोनदा रडून गेली होती.

"गाळण्याचं यंत्र बसवा, काका. त्याशिवाय हमी मिळणार नाही."

"यंत्र कशाला?" काका म्हणाले. "त्या ड्रायव्हरच्या बायकोला सांगतो, उकळून पी म्हणून. उकळल्यावर जातं ना ते?"

मी फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "अहो, उकळून जंतू मरतात, विष कसलं मरतंय! पाणी उडून जातं, ते मागे राहतं. अर्धं आटवलंत तर दुप्पट होईल, दुप्पट!"

बोलून गेले आणि मग माझेच शब्द माझ्या कानावर पडले. मान वर केली. काका आपल्या तळव्यांकडे बघत होते. त्यावर काळे ठिपके होते, घट्टे होते, हे विष अंगात भिनलं की उठतात तसे. मी ते रंध्याने पडलेले समजत होते, तेही तसंच समजत असावेत.

"यंत्र कुठे मिळतं?" त्यांनी विचारलं. मी पत्ता लिहून दिला.

त्यांनी यंत्र बसवलं, स्वतःच्या खर्चाने. पाणी पुन्हा तपासलं, पास झालं, कर्ज मंजूर झालं. किल्ली द्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पलंग हलवला होता, पातेलं दिसलं नाही. मी काकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "काकूंना त्यानेच झालं असं कुणी सांगितलंय का? दुसरंही काही असेल." इतक्या वर्षांत मी कुणाला गोड बोलून फसवलं नव्हतं. तेव्हा फसवायला गेले आणि तेही जमलं नाही.

तेवढ्यात ड्रायव्हरची बायको यंत्राच्या नव्या नळाचं पाणी घेऊन आली. "काका, पहिला पेला तुम्हाला."

काकांनी पेला घेतला. ती आत जाईपर्यंत थांबले.

"शेवटी शेवटी ती मागायची," ते म्हणाले. "म्हणायची, अहो, एकदाच द्या ना तुमच्या पेल्यातलं गार पाणी. मी दिलं नाही. रागावलो तिच्यावर."

पाणी न पिता त्यांनी पेला खिडकीत ठेवला आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.