खंडेनवमीची सहा काडतुसं

आमच्या घरात बंदुका होत्या असं मी सांगते तेव्हा भारतातून आलेली पाहुणेमंडळी आधी माझ्याकडे आणि मग हातातल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बघतात. त्यांचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये अशीच मी दिसते. पण ऐंशीच्या दशकात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरात दोन रायफली होत्या आणि मागाहून एक रिव्हॉल्व्हर आलं. ते निवडायला मी स्वतः गेले होते.

शिकारीचा नाद ह्यांचा. हे गाड्यांच्या कंपनीत डिझाइन इंजिनियर. वडील जंगल खात्यात असल्यामुळे बालपण चंद्रपूरकडच्या जंगलात गेलेलं. ऑफिसातल्या एका धिप्पाड मित्रानं पहिल्यांदा मिशिगनच्या उत्तरेला हरणाच्या शिकारीला नेलं, आणि मग दर थंडीत ह्यांचं चित्त घरात राहीना. माझी अट एकच होती, माझ्या स्वयंपाकघरात ते मांस येणार नाही. मग हे गॅरेजमध्ये वेगळी शेगडी मांडून, अंगात जाकीट घालून, आईच्या पद्धतीचा रस्सा करायचे आणि आमच्याकडचे निम्मे मराठी लोक वाटी घेऊन गॅरेजच्या दारात उभे असायचे. मी आतून नाक मुरडायची. आज त्या वासासाठी जीव तुटतो.

मग एका वर्षी मित्रानं वायोमिंगला जायचं काढलं. एल्कसाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणायचा. त्या डोंगरांत ग्रिझली अस्वलं असतात हे मला ह्यांनीच उत्साहानं सांगितलं, नवऱ्यांना कुठे गप्प बसावं ते कळत नाही म्हणून. माझ्या सासरी अस्वलाला वाघापेक्षा जास्त भितात. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांचे चेहरे फाडलेले सासूबाईंनी पाहिले होते. मी म्हटलं, “कॅन्सल करा.”

“अगं, रायफल असते ना हातात.”

“आणि हातात नसेल तेव्हा?”

ह्यांनी सरळ फोन उचलला. मित्राला विचारलं तर तोही म्हणाला की वहिनी बरोबर बोलतेय, कमरेला काहीतरी हवंच. पोलिसांकडून परवाना काढला आणि एका शनिवारी आम्ही दोघं बंदुकांच्या दुकानात गेलो. मी खरेदीला गेले की दुकानदाराची परीक्षा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. भेंडी असो की बंदूक.

दुकानदार म्हातारा होता, जाड काचांचा चष्मा लावलेला. त्यानं विचारलं, “काय मारायचंय?” हे काही बोलायच्या आत मी म्हटलं, “मारायचं काही नाही. ह्यांना घरी परत आणायचंय.” त्यानं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंतर तो बहुतेक सगळं मलाच सांगत होता.

तो म्हणाला, अस्वल येतं ते शिकार पडल्यावर. माणूस गुडघ्यावर बसून जनावर सोलत असतो, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले, रायफल झाडाला टेकवलेली. दहा पावलांवरची रायफल म्हणजे घरी राहिलेली रायफल. म्हणून हे छातीवर पट्ट्यात बांधायचं, कमरेला नाही, कारण वाकल्यावर कमरेचं हाताला येत नाही.

मी काचेतलं सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर दाखवलं. अस्वल मोठं तर हत्यार मोठं, असा माझा साधा हिशेब. दुकानामागे चाचणीची जागा होती. ह्यांनी पहिली गोळी नेमकी लावली. दुसरी छताच्या कडेला गेली. कॉलेजात कबड्डी खेळताना मोडलेलं मनगट त्या झटक्याला टिकेना. हे मनगट चोळत हसत राहिले, पण म्हाताऱ्यानं ते रिव्हॉल्व्हर परत काचेत ठेवलं. “आवाजानं अस्वल थांबत नाही बाई. लागली तर थांबतं.” त्यानं त्याच्याखालच्या मापाचं काढलं, थ्री-फिफ्टी-सेव्हन. त्यातून ह्यांच्या तीन गोळ्या ओळीनं कागदावर बसल्या.

मग काडतुसं. सरावाला हलकी, आणि डोंगरात नेण्यासाठी जड, कडक शिशाची, चपट्या तोंडाची. टोकाला पोकळ असतात ती माणसांसाठी, ती चरबीतच फुटून जातात, हाडापर्यंत पोचत नाहीत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, पण पिस्तूल का नको, त्यात गोळ्या जास्त मावतात की. तो म्हणाला, “ह्यात एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा. पुढचं आपोआप समोर येतं. सहाच्या सहा काही फुसकी निघत नाहीत.”

मला ते फार पटलं. घरी येताना मी गाडीत दोनदा म्हणाले, माणूस शहाणा आहे.

सरावाला प्रत्येक रविवारी मी बरोबर जायची, थर्मासमध्ये चहा घेऊन. कानावर ते मोठे डबे चढवून ह्यांच्या मागे बाकड्यावर बसायची. हे हलकीच काडतुसं वापरायचे. जड काडतुसं एकदाच उडवून पाहिली, मग मनगटाला विश्रांती. निघायच्या आदल्या आठवड्यात सहा जड काडतुसं भरून रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं.

निघायचा दिवस दसरा होता. तो मीच धरायला लावला. सीमोल्लंघनाचा दिवस, प्रवासाला ह्याहून चांगला कुठला. आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुसून, तेलपाणी करून पाटावर मांडायची आणि पूजा करायची, मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाटावर ह्यांची स्लाइड रूल असायची, मायक्रोमीटर, माझी कात्री आणि खाली जमिनीवर माझं शिलाई मशीन. त्या वर्षी मी म्हटलं, रिव्हॉल्व्हरही हवंच. खरं शस्त्र ह्या घरात तेच. हे हसले. “पण भरलेलं नको देवापुढे,” मी म्हटलं, म्हणून त्यांनी सहाही काडतुसं काढून माझ्या ओंजळीत दिली आणि बॅग भरायला गेले.

ती माझ्या ओंजळीत होती, थंड आणि काळपट. मला वाटलं, बाकी सगळं चकचकीत आणि ज्यांच्यावर जीव अवलंबून तीच अशी मळकी. मशीनला तेल घालायला काढलेली बाटली शेजारीच होती. पातळ, पाण्यासारखं तेल. मी एकेक काडतूस त्या तेलाच्या फडक्यानं पुसलं. देवाची भांडी पुसावीत तसं, कडेकोपऱ्यातून, बुडाला सुद्धा. मग सहाही चांदीच्या वाटीत उभी केली आणि फडक्यातलं तेल वाटीत निथळलं तेही पुसलं नाही. वर हळदकुंकू, झेंडूची पाकळी. हात जोडले. काय मागितलं ते सांगायला नको.

रात्रभर ती तशीच त्या तेलात उभी होती.

सकाळी ह्यांनी काडतुसं वाटीतून उचलली, नॅपकिननं पुसली आणि म्हणाले, “नवरीसारखी नटवलीस की!” एकेक करून भरली. मी औक्षण केलं, हातावर दही दिलं. आपट्याची पानं मिशिगनमध्ये कुठून आणणार, अंगणात मेपलची पिवळी पानं पडली होती, त्यातलं एक ह्यांनी माझ्या हातात ठेवलं. “सोनं घे. आणि मशीन बंद ठेवू नकोस, आल्यावर मला नवा शर्ट हवाय.” मित्राच्या ट्रकचा हॉर्न वाजला.

सहाव्या दिवशी फोन आला.

मित्र परत आला तेव्हा एवढा मोठा माणूस माझ्या सोफ्यावर लहान होऊन बसला होता. त्यानं जे सांगितलं ते मी आयुष्यभर त्याच शब्दांत ऐकत आलेय. दुपारची वेळ होती. ह्यांनी एल्क पाडला होता आणि गुडघ्यावर बसून सोलत होते. रायफल झाडाला टेकवलेली. मित्र मांस वाहायला घोडा आणायला खाली गेला होता. त्याला ह्यांची ओरड ऐकू आली. तो धावत सुटला. धावताना तो गोळीच्या आवाजाची वाट पाहत होता. गोळी झाडली गेलीच नाही. तो पोचला, त्यानं लांबून अस्वलाला गोळी घातली, पण तोपर्यंत उशीर झाला होता. रस्त्याला लागेपर्यंत हे गेले.

त्यानं एक कागदी पिशवी पुढे केली. त्यात रिव्हॉल्व्हर होतं आणि सहा काडतुसं. पाचांच्या बुडाला रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचा खोल ठसा होता. सहाव्याला नव्हता. म्हणजे ह्यांनी पाच वेळा चाप ओढला होता. मनगट दुखत असताना, पाच वेळा. म्हाताऱ्यानं शिकवलं तसंच केलं होतं ह्यांनी.

“बॅड बॅच,” मित्र म्हणाला. मी काडतुसं हातात घेतली. त्यांना माझ्या मशीनचा वास येत होता.

दिवस झाले. बायका डबे आणायच्या, काकू म्हणवणाऱ्या एकदोघी रात्री सोबतीला झोपायच्या, आणि मी कुणालाच काही बोलले नाही. वास आला म्हणून काय झालं, तेल ते तेल, यंत्राला तेल चांगलंच असतं, असं मी स्वतःला समजावत होते. एके दिवशी दुकानदार म्हातारा घरी आला. टोपी हातात. मित्राकडून त्याला कळलं होतं. दारातच उभं राहून म्हणाला की काडतुसं मी दिली, मी निवडली, त्या बनावटीचे सगळे खोके मी काढून टाकलेत, मला माफ कर. आत ये म्हटलं तरी आला नाही. जाताना पायरीवर त्याचा पाय अडखळला.

ते मला सहन होईना. माझं ओझं मी निमूट वाहिलं असतं, कदाचित. पण ते दुसरंच कुणीतरी उचलून चाललं होतं.

वसंतात एका शनिवारी मी एकटी त्याच्या दुकानात गेले. काडतुसं पर्समध्ये, रुमालात बांधलेली. काउंटरवर रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय तेही सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पूजा, वाटी, मशीनचं तेल, रात्रभर. शेवटी विचारलं, “ह्यानं काही होतं का?”

त्यानं एक काडतूस उचललं आणि बुडाकडे खूप वेळ पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यानं ते रुमालात परत ठेवलं, रुमालाची गाठ स्वतः बांधली.

“नाही,” तो म्हणाला. “तेलानं काही होत नाही. काडतुसंच वाईट होती. चूक माझी होती बाई, तुझी नाही. घरी जा.”

मी रडले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट रडले, परक्याच्या दुकानात, काउंटरला धरून. तो पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला. दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले तेव्हा मला वाटत होतं की घरी जाऊन मशीनवरची चादर काढावी.

दारापाशी पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या सापडेनात. मी दोन रॅकच्या आड उभी राहून चाचपडत होते. तेवढ्यात एक जोडपं माझ्या बाजूनं आत शिरलं. नवऱ्याला मॉन्टानाला जायचं होतं. बायको म्हणाली, तिथे अस्वलं आहेत म्हणतात. म्हाताऱ्यानं तेच सगळं सांगितलं. झाडाला टेकवलेली रायफल, छातीवरचा पट्टा, कडक शिशाची चपटी काडतुसं. मग तो थांबला. त्याला वाटलं असणार मी गेले, तरी त्यानं आवाज खाली आणला.

“आणि ह्यांना तेल लागू द्यायचं नाही,” तो म्हणाला. “फडक्याचंसुद्धा नाही. बुडातून आत झिरपतं आणि काडतूस मरतं. हे मी प्रत्येकाला सांगायला हवं होतं.”

किल्ल्या माझ्या हातातच होत्या. दाराला वर घंटा होती, ती वाजू नये म्हणून मी दार हळूच धरून बाहेर पडले. मी ऐकलं हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. त्या माणसासाठी मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.