वन्संचा कातळ

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. पण एक गोष्ट लिहिताना माझी चूक व्हायची नाही, ती म्हणजे आमच्या वन्संइतकं मला जगात कुणीच लाजवलेलं नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. राहतात लालबागला आमच्याच खोलीत, पण जीव सगळा अँटॉप हिलच्या एका कातळावर. तिथे भेगांतल्या चिमूटभर मातीत श्रावणात एक वीतभर रोप उगवतं. तेरड्यासारखंच, पण फूल नखाएवढं आणि पोटात पिवळा ठिपका. पूर्वी कोकणात गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर असायचं, तिथे आता चिऱ्याच्या खाणी झाल्या. मुंबईत या कातळाशिवाय कुठे नाही, असं वन्सं छातीठोक सांगतात. दसऱ्यापर्यंत रोप वाळून जातं. मागे उरतं ते भेगेत पडलेलं बी.

त्या बियांसाठी वन्सं भर मे महिन्यातही तिथे छत्री उघडून बसायच्या, आणि सोबतीला मी. उघड्या कातळावर व्यायाम करणाऱ्या एका गृहस्थाला म्हणाल्या, "अहो, उड्या कसल्या मारताय? खाली पोरं निजलीत!" त्याने कातळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या तुमच्या कोण?" मी मान खाली घालून म्हटलं, "शेजारीण." वन्संनी ऐकलं. घरी जेवताना म्हणाल्या, "शेजारणीला आमटी वाढ गो."

खरी लढाई गौरी आणायच्या दिवशी. बायका तेरड्याची गौर आणायला निघतात आणि दिसेल ते रोप मुळासकट उपटतात. बी धरण्याआधी उपटलं की पुढच्या वर्षी कातळ रिकामा. वन्सं छत्री आडवी धरायच्या. "हिला दिवस गेलेत, बायांनो! बाळंतीण होऊ दे, मग न्या." आणि दादरच्या बाजारातून आणलेला तेरडा त्यांच्या हातात कोंबायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी आणखी चार पावलं लांब सरकायची.

यंदा वन्संचे गुडघे गेले, जिना उतरवेना. छत्री आणि तेरड्याची पिशवी माझ्याकडे देत म्हणाल्या, "बोलायला तुला जमायचं नाही. नुसती उभी राहा."

उभी राहिले. दोघी आल्या. एकीने वाकून रोप धरलं, आणि माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. "हिला दिवस गेलेत, बाई!"

तिने हात काढला. हसत म्हणाली, "त्या छत्रीवाल्या आजींच्या तुम्ही कोण?"

"भावजय," मी म्हटलं. "सख्खी."

घरी आले तर वन्सं खिडकीशी बसलेल्या. "कुणी हसलं का गो?"

"हसल्या की."

"मग बरोबर बोललीस." त्या खाटेवर सरकल्या, मला जागा करून दिली. छत्री मात्र त्यांनी परत मागितली नाही.