शंभर टक्के हमीचा मासा

तक्तेसाहेबांना साधा झाडू आणायला पाठवलं, तरी ते तीन दुकानांतले तीन झाडू शेजारी शेजारी ठेवून त्यांचे गुणदोष कागदावर उतरवल्याशिवाय घरी येत नसत. एकतीस वर्षं त्यांनी कचेरीच्या खरेदी विभागात काढली होती आणि तुलनेचा तक्ता केल्याशिवाय एक टाचणीसुद्धा आत येऊ दिली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. माल पसंत पडला तर खाली तीन शब्द लिहीत: ‘तपासले, योग्य आढळले.’ हे तीन शब्द त्यांच्याकडून काढता काढता भल्याभल्यांना घाम फुटे. बायको म्हणायची, "माझ्या स्वयंपाकाला अजून मिळाले नाहीत."

मुलीसाठी स्थळं पाहतानाही तक्ता झाला होता. जावई त्यात उत्तम गुणांनी पास झाला. फक्त व्याह्यांसाठी रकाना ठेवायचं राहून गेलं, आणि त्या चुकीचं प्रायश्चित्त तक्तेसाहेब गेली चार वर्षं घेत होते.

व्याह्यांच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो होता. डोक्यावर टोपी, हातात हातभर लांब मासा, आणि फोटोवर खास लावलेला दिवा. तक्तेसाहेब गेले की त्यांना समोरच्याच खुर्चीत बसवलं जाई आणि लांबच्या कुठल्याशा नदीत हा मासा कसा लागला, ते पहिल्यापासून ऐकवलं जाई. तक्तेसाहेबांचा इतका जळफळाट होई, की माशाकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नाही. ते आपले दिव्याकडे बघत बसत.

"तुम्ही कधी गळ धरलाय का हो?" व्याह्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं.

"लहानपणी रोज," तक्तेसाहेब म्हणाले. आयुष्यात त्यांनी मासा ताटातच पाहिला होता.

"मग ठरवा एक रविवार. बघू तरी."

झालं. आता मासा लागला नाही, तर मुलीच्या सासरी जन्मभर मान खाली घालून बसायची पाळी येणार होती. गळ टाकता येत नाही, निदान टाकून देणारा माणूस तरी चोख निवडू, म्हणून तक्तेसाहेब फाइल बगलेत मारून जवळच्या तलावावर गेले आणि धक्क्यावरच्या बाकावर मुलाखती घ्यायला बसले.

पहिल्या उमेदवाराला हाका मारल्या तरी तो पाण्यातून बाहेर येईना. म्हणाला, आत्ता मासे लागताहेत, नंतर बघू. तक्तेसाहेबांनी शेरा मारला: ‘गैरहजर.’ दुसरी नाववाली मावशी. चाळीस वर्षं त्याच पाण्यावर. जाळं शिवता शिवता तिनं मान वर न करता उत्तरं दिली.

"मासा मिळेलच याची खात्री?"

"माशाला विचारा."

"पण ग्राहकाकडून आपली अपेक्षा काय?"

"सकाळी लवकर यावं आणि गप्प बसावं."

शेरा: ‘उत्तरे असमाधानकारक. शिस्तीचा अभाव.’

तिसऱ्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती. धक्क्यावर त्याला हमीवाला म्हणत, कारण त्याच्या नावेवर ‘शंभर टक्के हमी’ असं रंगवलेलं होतं. त्यानं सोबत आल्बम आणला होता. यंदाचे चौदा फोटो, चौदा गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या हातात मासा. तक्तेसाहेबांनी खिशातून पट्टी काढून मोजमापं घेतली आणि त्यांची छाती आनंदानं भरून आली. चौदाही मासे सारख्याच लांबीचे, सारख्याच रंगाचे. शेपटीचं वरचं टोकसुद्धा सगळ्यांचं एकाच जागी तुटलेलं. एकतीस वर्षांत कुठल्याही पुरवठादारानं मालाचा एवढा एकसारखेपणा राखला नव्हता. त्यांनी जागच्या जागी लिहून टाकलं: ‘तपासले, योग्य आढळले.’

रविवारी व्याही आले तेव्हा मोठ्या रुबाबात होते. हमीवाल्याला पाहिल्यावर मात्र त्यांनी टोपी एकदम भुवयांपर्यंत ओढली आणि नावेत पाठ फिरवून बसले. ऊन लागतंय म्हणाले. ऊन अजून पडायचं होतं.

दुपारपर्यंत तिघांचे गळ कोरडे ठणठणीत. पलीकडे मावशीच्या नावेत चिडीचूप बसलेल्या एका गिऱ्हाइकाला दोन मासे लागले, तेही तक्तेसाहेबांच्या डोळ्यांदेखत. शेवटी हमीवाल्यानं गळ गुंडाळले, फळीखाली हात घातला आणि ओल्या गोणपाटातून हातभर लांब मासा बाहेर काढला. मासा फायबरचा होता. शेपटीचा टवका उडालेला होता आणि आतला पांढरा भाग दिसत होता.

"चला, फोटो काढू," तो म्हणाला आणि व्याह्यांकडे वळला. "साहेब, तुम्ही दाखवा ना यांना कसा धरायचा. पाच वर्षांपूर्वी तुम्ही काय झकास धरला होता."

तक्तेसाहेबांना आधी स्वतःची लाज वाटली, कारण चौदा वेळा एकच माल पाहून त्यांनी सही ठोकली होती. मग मात्र चार वर्षांचा सगळा हिशेब जिभेवर आला. एक वाक्य टाकलं की व्याही कायमचे तोंडघशी पडणार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी टोपी काढली होती आणि ती मांडीवर नुसतीच फिरवत होते.

"फोटो बघून पोरगं इतकं खूश झालं," ते हळूच म्हणाले. "मी सांगायच्या आत फ्रेम करून घेऊन आलं. दिवाही त्यानंच लावला. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

तक्तेसाहेबांना त्या माणसाची कीव आली, आणि कीव आल्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"द्या तो मासा इकडं," ते म्हणाले. "कसा धरू?"

"पोटाखालून," व्याही म्हणाले. "घसरतो."

आठवड्यानं मुलीचा फोन आला. सासऱ्यांनी बाबांचा फोटो हॉलमध्ये लावला होता, स्वतःच्या फोटोला अगदी खेटून. आल्यागेल्याला दोन्ही मासे दाखवत होते आणि दुसऱ्याचं कौतुक जरा जास्तच करत होते.

"बाबा, काल मी दोन्ही काचा पुसल्या," मुलगी म्हणाली.

"बरं."

"दोन्ही माशांची शेपटी एकाच जागी तुटलीय."

तक्तेसाहेबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "एकाच... म्हणजे, मालात एकसारखेपणा असतो कधीकधी. कुणाला बोललीस का?"

"नाही. फोटोवरचा दिवा तेवढा काढून ठेवला. बल्ब गेला म्हणून सांगितलंय."

तक्तेसाहेबांनी फोन पुन्हा पहिल्या कानावर घेतला. मुलगीच पुढे म्हणाली, "घरात बापलेक दोघंही खूश आहेत, बाबा. मी तपासलं. योग्य आढळलं."