वनमाला धुरींची गोदूआत्या

वनमालाताई आमच्या मालिकेत आल्या त्या फक्त दहा भागांसाठी. मी त्या मालिकेचे संवाद लिहीत होते. गोष्ट पेशवाईतली, पुण्यातल्या एका सावकाराच्या घरातली. सुना, दिवाणजी, कारस्थानं सगळं होतं. एक म्हातारी विधवा तेवढी हवी होती, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून घरावर नजर ठेवणारी. तिचं नाव मी गोदूआत्या ठेवलं. नवव्या वर्षी नवरा गेला, लगेच केशवपन झालं, पुढची पन्नास वर्षं भावाच्या घरात गेली. मुलुंडच्या आमच्या घरातही तीन पिढ्यांपूर्वी अशी एक बाई होती. तिचा फोटो नाही आणि नावही आता कुणाला सांगता येत नाही.

वनमाला धुरी दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत राहायच्या. वय सहासष्ट. नवरा लवू धुरी गिरणीत कामाला होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, मग वॉचमनकी केली, आणि आता चार वर्षं अर्धांगाच्या झटक्याने खाटेवर होते. घर ओढलं ते वनमालाताईंनी. कोकणातल्या गावमंडळांची हौशी नाटकं मुंबईत व्हायची, त्यात पुरुष सगळे गावचे असत, बाई मात्र बाहेरून बोलवावी लागे. दोन तालमी आणि एक प्रयोग. त्याला त्या ‘नाइट करणं’ म्हणत. एकाच आठवड्यात एकाच नटाची आई आणि बायको, दोन्ही त्यांनी केलेल्या.

“तोंड बघून कोणी रोल दिला नाही गं मला,” त्या म्हणायच्या. “पाठांतर बघून दिला.”

पहिल्या दिवशी त्यांच्या डोक्यावर टकलाची रबरी टोपी चढवली. दिव्यांच्या उष्णतेने कपाळावरची कड सुटायला लागली, घाम आत साचला, आणि क्लोजअपमध्ये तो सगळा खोटेपणा दिसला. आमचा दिग्दर्शक विद्याधर दोनदा डिंक लावून बघून वैतागला. मग त्याने ताईंना बाजूला घेऊन विचारलं, खरेच केस काढाल का?

“उद्या सांगते,” त्या म्हणाल्या. “घरी माणूस आहे माझा. त्याला विचारलं पाहिजे.”

घरी काय झालं ते त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलगा सर्वेश भडकला. “आबा जिवंत असताना? डोकं फिरलंय का तुझं? लोक काय बोलतील?” लवूकाकांना नीट बोलता येत नव्हतं. जीभ एका बाजूला ओढलेली, एकेक शब्द जुळवून ते म्हणाले, “कर गो. केस काय, परत येतले. काम परत येवचा नाय.”

मेकअप रूममध्ये खंडू वस्तरा घेऊन आला. तो आमच्या सेटवर पुरुष नटांचे केस बघायचा. वस्तरा खाली ठेवून तो आधी ताईंच्या पाया पडला.

“पाया काय पडतोस? पाणी गरम आणलंस का ते सांग,” ताई म्हणाल्या. केस खाली पडत होते तेव्हा त्या आरशात न बघता त्या दिवसाच्या संवादांची पानं वाचत होत्या. शेवटी डोक्यावरून एकदा तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “गार लागतं.”

दहा भागांची गोदूआत्या शंभर भागांवर गेली. तिच्यासमोर मी यमू उभी केली, सावकाराची पंधरा वर्षांची सून, नवरा मोहिमेवर मेलेली. यमूचं काम श्रुतिका करायची. एकोणीस वर्षांची, घाटकोपरहून यायची, शॉट नसला की ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. तिच्या केशवपनाचा प्रसंग मी लिहिला तेव्हा न्हाव्यासमोर तिला धरून बसवणारी मी गोदूआत्याच ठेवली.

पानं वाचून ताई माझ्याकडे आल्या. “गार्गी, हे चुकलंय. नऊ वर्षांची असताना हिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला. ती दुसऱ्या पोरीला धरून बसवेल?”

“म्हणूनच बसवेल,” मी म्हटलं. “तिला दुसरं काही माहीतच नाही, ताई. पोरीचं भलंच करतोय असं वाटतं तिला.”

त्यांनी पानं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाल्या, “बरोबर असेल तुझं. तू शिकलेली आहेस.”

शॉटमध्ये त्यांनी श्रुतिकाची मनगटं अशी धरली की ती खरीखुरी किंचाळली. कट झाल्यावर दोन्ही हातांवर लाल वळ दिसले. ताईंनी स्वतः बर्फ आणला आणि संध्याकाळपर्यंत तिचे हात धरून बसल्या. टीआरपीच्या हिशेबात मालिकेचा तो सगळ्यात चांगला आठवडा ठरला.

चाळीत मात्र वाट लागली. दहिसरच्या भाजीवाल्या बायका तोंडावर बोलायच्या, “पोरीचे केस काढताना लाज नाही वाटली?” त्या हसून पुढे जायच्या. मार्गशीर्षात शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेल्या तर कुंकू लावणारीचा हात त्यांच्या कपाळापाशी येऊन अडला. डोक्याला रुमाल बांधलेला होता, खाली टक्कल होतं, गळ्यात मंगळसूत्रही होतं. “पुढच्या वेळी लावू हां, काकू,” असं काहीतरी म्हणून ती पोरगी पुढच्या बाईकडे वळली. मला हे सांगताना ताईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. “नवरा घरी आहे माझा. खाटेवर आहे, पण आहे ना.”

फेब्रुवारीत मी त्यांच्यासाठी मोठा सीन लिहिला. चार पानं, सगळी त्यांचीच. विहिरीच्या काठावर बसून गोदूआत्या यमूला आपल्या नवऱ्याविषयी सांगते. तो तिला दोनदाच दिसलेला, एकदा लग्नात आणि एकदा तिरडीवर. ते लिहिताना मी रडले होते, इतकी मी त्या पानांवर खूश होते. विद्याधरला तो सीन एका टेकमध्ये हवा होता.

विधवेच्या आलवणाला खिसा कुठला असणार, म्हणून ताई शॉटला जाताना मोबाइल माझ्याकडे द्यायच्या; घरीही ते माहीत होतं. दुपारी तीनची वेळ. मी मॉनिटरजवळच्या अंधारात बसले होते, आवाज बंद केलेला फोन माझ्या हातात. कॅमेरा सुरू झाला आणि थोड्याच वेळात स्क्रीन उजळली. सर्वेश. बंद झाली, पुन्हा उजळली. मग मेसेज आला, तो न उघडताच स्क्रीनवर दिसला: ‘आबांना कसंतरी होतंय. हॉस्पिटलला नेतोय. आईला लगेच द्या.’

मी फोन मांडीवर पालथा घातला.

स्वतःला काय सांगितलं ते आठवतंय. दोन पानं झालीत, दोन राहिलीत, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पण पहिल्या टेकला शेवटी दिव्यात गडबड झाली आणि विद्याधरने दुसरा घेतला. तेव्हाही मी उठले नाही. चाळीस मिनिटांनी टाळ्या वाजल्या, ताई डोळे पुसत माझ्याकडे आल्या, आणि मी फोन पुढे करत म्हटलं, “आत्ताच आलेला दिसतोय.”

त्यांनी कपडे बदलले नाहीत. मी आणि श्रुतिका त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. आम्ही पोचलो तेव्हा लवूकाका गेलेले होते. कॉरिडॉरमध्ये सर्वेश उभा होता. त्याने आईकडे नखशिखान्त पाहिलं. ते टक्कल, ते तांबडं आलवण.

“अर्धा तास तुला विचारत होते,” तो म्हणाला. “तू आधीच विधवा होऊन बसलीस, आई. त्यांनी फक्त तुझं म्हणणं खरं केलं.”

चाळीत बायका जमल्या. लवूकाकांची बहीण माणिक सगळ्यांत मोठी, विधी तिच्या हातात. आणि तिथे एक अडचण उभी राहिली. पुसायला ताईंच्या कपाळावर कुंकू नव्हतं, फोडायला हातात काकणं नव्हती, सगळं सेटवर काढून ठेवलेलं. बायकांनी आपसात कुजबुज केली. मग कुणीतरी हिरव्या बांगड्या घेऊन आली. त्यांनी ताईंच्या हातांत त्या चढवल्या, कपाळाला कुंकू लावलं, टकलावर गजरा टिकेना म्हणून तो कानावर अडकवला. त्या सगळ्यांत शेजारची ती हळदीकुंकवाची पोरगीही होती. मग माणिकने ताईंची मनगटं धरली आणि उंबऱ्यावर आपटली.

“सोडा ना त्यांना! काय करताय तुम्ही?” श्रुतिका ओरडली आणि पुढे धावली.

ताईंनीच तिला थांबवलं. “राहू दे गं. त्यांना दुसरं काय येतं?”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी दारातच उभी होते.

पंधराव्या दिवशी त्या सेटवर आल्या. डोक्यावर पांढरे खुंट उगवले होते. खंडू पाणी घेऊन आला तर त्यांनी हात वर केला. “आता नाही. टोपी घालून करीन, नाहीतर पदर पुढे ओढून करीन. वस्तरा नको.”

विद्याधरने समजावलं, चिडला, पुन्हा समजावलं. मग चॅनेलशी बोलतो म्हणाला. पुढच्या सोमवारी दुसरी एक बाई डोकं भादरून तयार होती. मालिकेच्या सुरुवातीला पाटी आली की गोदूआत्याची भूमिका यापुढे अमुक करतील. पहिल्या आठवड्यात लोकांनी थोडी कुरकुर केली, नंतर सवय झाली. मी त्या नव्या बाईसाठी संवाद लिहीत राहिले. कुणाला काही बोलले नाही.

श्रुतिका अधूनमधून ताईंकडे जायची. तिच्याकडूनच कळलं की सर्वेश बायकोला घेऊन वसईला राहायला गेला. आईशी बोलत नाही, पण महिन्याची औषधं आणून देतो, दारातून पिशवी आत ठेवतो आणि निघतो. खोलीत ताई एकट्या.

ऑगस्टमध्ये मी गेले. सहा महिने झाले होते. केस बोटभर वाढलेले, पांढरेशुभ्र. त्यांनी चहा टाकला. मी चहा पिऊन व्हायच्या आधीच सांगून टाकलं. फोन आधीच आला होता, मेसेज मी वाचला होता, फोन मी पालथा ठेवला होता, आणि ‘आत्ताच आलेला दिसतोय’ हे खोटं होतं.

त्या गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “अंधारात बसलेलीस ना तू. फोन पेटला की तुझं तोंड उजळायचं. दोनदा दिसलं मला विहिरीवरून.”

मी कप खाली ठेवला.

“एवढ्या दुपारी मला फोन कोण करणार गं? घरूनच असणार. मला कळलं होतं. मी थांबू शकले असते. हात वर केला असता तर विद्याधरने कट केलं असतं. पण सीन लागला होता. आयुष्यात पहिल्यांदा चार पानं माझी एकटीची. मनात म्हटलं, होऊ दे एवढं.” त्यांनी फडक्याने ओटा पुसला. “दुसऱ्या टेकलासुद्धा म्हटलं.”

“सर्वेशला सांगितलंत?”

“काय सांगू? तो म्हणतो तेच खरं निघेल.”

मी म्हटलं की चूक माझी आहे, मी त्याला जाऊन सांगते. तेव्हा त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, मी कधीच न पाहिलेला. “तू काही सांगायचं नाहीस. तुला हलकं वाटावं म्हणून माझ्या पोराच्या दारात जाऊ नकोस. तुझं तू ठेव, माझं मी ठेवते.”

मी चहाचा कप मोरीत नेऊन ठेवला. निघताना पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या.

मालिका त्या दिवाळीनंतर संपली. विहिरीवरचा तो सीन अजून मोबाइलवर फिरतो, लोक खाली लिहितात, काय अभिनय आहे. वनमालाताईंनी पुन्हा काम केलं नाही. श्रुतिका दर महिन्याला जाते. मला बोलावणं आलं नाही, आणि मीही पुन्हा गेलेले नाही.